हात थरथरला तरी रूळ सरळ

सक्करदऱ्याचा बुधवार बाजार दुपार कलू लागली की भरतो. त्याच वेळी बाजारापासून हाकेच्या अंतरावरील एका घराच्या पुढच्या खोलीत चार-पाच वृद्ध मंडळी एका मेजाभोवती बसलेली असतात. मेजावर चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी प्लायवुडची फळी असते. तिच्यावर बोटभर रुंदीचे रूळ, काडेपेटीएवढे स्टेशन आणि बाभळीच्या वाळक्या काटक्यांची झाडे मांडलेली असतात. निवृत्त बँक कारकून, शिंपीकाम केलेले एक गृहस्थ, शाळेत विज्ञान शिकविलेले एक गुरुजी आणि घराचे यजमान अशी ही बैठक आहे. यजमान नॅरोगेज रेल्वेत की-मॅन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतील रूळ पायी तपासणे, सैल झालेली चावी ठोकणे आणि सांधे पाहणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. आज त्यांना कंपवात आहे. उजवा हात मांडीवर नुसता ठेवला तरी थरथरतो आणि शर्टाचे बटण लावावयास वेळ लागतो.

या सदरात आपण औषध, आहार आणि व्यायाम यांविषयी वारंवार बोलतो. आज एका छंदाविषयी बोलू. या मंडळींचा छंद लहान आगगाडी बांधण्याचा. परंतु त्याहूनही मोलाचे ते एकमेकांस काय आणि कसे सांगतात हे आहे. घरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना त्यातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे, असे मला त्या खोलीत बसून वाटले.

घरातली नागभीड लाइन

नागपूरकरांना नॅरोगेज नवी नाही. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून सातपुडा आणि वैनगंगेच्या प्रदेशात अडीच फुटी रुळांचे जाळे होते. नागपूरहून छिंदवाड्याला आणि इतवारीहून उमरेड, भिवापूर करीत नागभीडला जाणाऱ्या छोट्या गाड्या अनेकांनी बालपणी पाहिल्या असतील. छिंदवाड्याची गाडी २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात, ब्रॉडगेजच्या कामासाठी थांबली. त्या जुन्या इंजिनांची आणि डब्यांची आठवण मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयाने २००२ पासून जपली आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. हा छंद काय असतो हे ज्यांना डोळ्यांनी पाहावयाचे आहे, त्यांनी नातवंडांसह ही दोन्ही ठिकाणे अवश्य पाहावीत.

आमच्या मंडळींनी नागभीड लाइन निवडली ती केवळ आठवणीपोटी नव्हे. त्यामागे गणित आहे आणि ते गुरुजींनी पहिल्याच बैठकीत पाटीवर मांडले. छोट्या रेल्वेचे सर्वाधिक प्रचलित प्रमाण एकास सत्त्याऐंशी असे आहे. खरी वस्तू जितकी, तिचा सत्त्याऐंशीवा भाग. साडेपाच फुटांचा मनुष्य या प्रमाणात जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो. खऱ्या नॅरोगेजच्या दोन रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास उत्तर येते. बाजारात ९ मिलिमीटर अंतराचे तयार रूळ मिळतात. ते मुळात याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी असतात, पण त्यांवर सत्त्याऐंशीच्या प्रमाणातले डबे चढविले की आपली नॅरोगेज तयार होते.

दुसरा लाभ आरोग्याचा आहे. मोठ्या गेजच्या छोट्या गाडीला वळण्यास साधारण १८ इंच त्रिज्येचे वळण लागते, म्हणजे पुरता वेढा घालण्यास सुमारे चार फूट रुंदीचे मेज हवे. वृद्ध मनुष्याला पलीकडचा रूळ गाठण्यासाठी मेजावर ओणवे व्हावे लागते आणि कंबर व तोल या दोहोंवर ताण येतो. ९ मिलिमीटरच्या रुळाला ९ इंच त्रिज्येचे वळण चालते. दोन फूट रुंदीच्या फळीवर पुरा वेढा बसतो आणि खुर्चीवर बसल्या बसल्या प्रत्येक जागी हात पोहोचतो. घरातील कोणत्याही बैठ्या कामाला हाच नियम लावावा. वस्तू कितीही सुंदर असो, ती हाताच्या टप्प्याबाहेर असेल तर म्हाताऱ्या माणसासाठी ती नसल्यातच जमा.

मेज, उजेड आणि हात

फळीची उंची बसल्यावर कोपराच्या पातळीला असावी. शिंपीकाका याविषयी फार काटेकोर आहेत, कारण शिलाई यंत्रावर चाळीस वर्षे बसून त्यांची मान दुखावली आहे. मेज खाली असेल तर पाठीला बाक येतो आणि वर असेल तर खांदे उचललेले राहतात. दोन्ही हातांच्या कोपरापुढील भागाला मेजाचा पूर्ण आधार हवा. अधांतरी हात अधिक थरथरतो. काकांनी जुन्या चादरीच्या दोन लहान पिशव्या शिवून त्यांत वाळू भरली आहे. मनगट त्या पिशवीवर टेकविले की बोटांस स्थैर्य येते.

उजेड डाव्या बाजूने यावा आणि काम डावखुऱ्याचे असेल तर उजव्या बाजूने, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. वय वाढले की डोळ्याला तरुणपणापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश लागतो. चष्म्याचा नंबर वाढवून मागण्याआधी दिवा बदलून पाहावा. भिंगाचा दिवा उत्तम, पण काम संपताच त्याच्यावर कापड झाकावे. नागपूरच्या उन्हात खिडकीपाशी उघडे राहिलेले भिंग कागद पेटवू शकते.

बारीक चिमटे, ब्रश आणि सुऱ्या यांच्या मुठी पातळ असतात. ज्यांची पकड कमी झाली आहे त्यांच्यासाठी मुठीवर सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ चढवावी किंवा स्पंजाची पट्टी गुंडाळावी. चमचा आणि टूथब्रश यांनाही हीच युक्ती लागू पडते. सुटे भाग काठ असलेल्या पांढऱ्या ताटलीत ठेवावेत. शिंपीकाकांची आणखी एक युक्ती सर्वांनी उचलली आहे. जुन्या एप्रनची खालची कड ते मेजाच्या कडेला टाचणीने अडकवतात. हातून निसटलेला स्क्रू मांडीवरच्या त्या झोळीत पडतो आणि तो शोधण्यासाठी कोणाला फरशीवर गुडघे टेकावे लागत नाहीत.

खडी अंथरण्याची रीत

या बैठकीत सर्वांत अधिक चर्चा झाली ती खडीवर. कारकूनकाकांनी पहिल्यांदा रुळांखाली गोंद लावून त्यावर बारीक खडी भुरभुरली. दिसावयास छान दिसली, पण गाडी दर वेढ्याला एकाच जागी घसरू लागली. त्यांनी इंजिन बदलले, चाके पुसली, तरी उपयोग होईना. शेवटी की-मॅनकाकांनी फळीच्या पातळीला डोळे आणून पाहिले आणि बोटाने रुळाच्या आतल्या कडेवरून हात फिरविला. “खडी स्लीपरच्या वर आलीय. चाकाची कड तिच्यावर चढून राहिली, बाप्पा. खडी स्लीपरला धरते, चाकाला नाही.”

त्यानंतर त्यांनी जी रीत सांगितली आणि गुरुजींनी ज्या रीतीत थोडी भर घातली, ती अशी. बारीक चाळणीने चाळलेली खडी रुळांमध्ये कोरडीच पसरावी. मऊ ब्रशने ती स्लीपरांच्या दरम्यान लोटावी आणि स्लीपरांचा माथा मोकळा दिसेल इतकी खाली बसवावी. रुळाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून एकही कण वर नाही याची खात्री करावी. मग फवाऱ्याच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकावा आणि उंचावरून धुके पडावे तसा हलका फवारा मारावा. साबणाचा थेंब नसेल तर पाण्याचे गोळे होऊन खडी इकडेतिकडे वाहते. खडी ओली झाली की फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात कालवून ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब सोडावे. ओल्या खडीत ते आपोआप झिरपते. रात्रभर हात लावू नये. दुसऱ्या दिवशी रुळांचे माथे पुसून घ्यावेत.

या रीतीची खुबी अशी की तिच्यात कोठेही हात स्थिर असण्याची गरज नाही. फवारा थरथरत्या हातानेही पडतो. थेंब इकडेतिकडे गेला तरी बिघडत नाही. काही कामे हात अचूक असल्यावाचून होत नाहीत आणि काही कामांत रीत अचूक असली की हाताचे चुकलेले झाकले जाते. वृद्धांसाठी काम निवडताना दुसऱ्या प्रकारचे काम शोधावे.

एक स्थानिक सूचना. खडी पसरताना कूलर बंद ठेवावा. उन्हाळ्यात आमच्या मंडळींची तासाभराची मेहनत कूलरच्या एका झोताने खोलीभर उडाली होती. बागेतील माती चाळून वापरणार असाल तर ती पूर्ण वाळवावी आणि कागदात गुंडाळलेले चुंबक तिच्यातून फिरवून घ्यावे. मातीतील लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटारीला चिकटतात आणि मोटार बिघडवतात. चहाचा चोथा जमिनीच्या रंगासाठी चांगला, पण कडक उन्हात वाळविलेला. अर्धवट वाळलेल्या चोथ्याला पावसाळ्यात बुरशी येते आणि दम्याच्या रुग्णाला तिचा त्रास होऊ शकतो.

सांधा, तार आणि स्वच्छ रूळ

छोटी गाडी मध्येच थांबते तेव्हा बहुतेक वेळा दोष इंजिनाचा नसतो, रुळावरील काजळीचा असतो. गाडीला वीज रुळांतून मिळते. रूळ मळला की वीज तुटते. सुती कापडाची पट्टी आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवावी आणि रुळांच्या माथ्यावरून फिरवावी. त्या वेळी वीज बंद, खिडकी उघडी आणि देवापुढील निरांजन दूर असावे. द्रव पूर्ण उडून गेल्यावरच गाडी सुरू करावी. सँडपेपर लावू नये. त्याच्या ओरखड्यांत मळ अधिकच साचतो.

दोन रूळ पातळ धातूच्या पट्टीने जोडले जातात. तेथे पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट सोडावी हे की-मॅनकाकांचे सांगणे. मोठ्या रुळाला उन्हाळ्यात वाढण्यास जागा लागते. येथे रुळापेक्षा लाकूड अधिक हलते. कूलरच्या आणि पावसाच्या दमटपणाने फळी फुगते, हिवाळ्यात आकसते. फट नसेल तर रूळ वाकडा होतो. सांध्याची पट्टी कालांतराने सैल होते, म्हणून प्रत्येक रुळाला वीज पोहोचविणारी स्वतंत्र तार जोडणे चांगले. तारा लाल आणि काळ्या घ्याव्यात. तपकिरी आणि काळा हे रंग मंद डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. प्रत्येक तारेवर मोठ्या अक्षरांची चिठ्ठी बांधावी.

तारा जोडण्यासाठी फळीखाली शिरू नये. वाकून आत जाणे आणि झटकन उठणे यात चक्कर येण्याचा धोका असतो. रक्तदाबाची किंवा कंपवाताची औषधे घेणाऱ्यांना तर उभे राहताना रक्तदाब उतरण्याचा त्रास अधिक होतो. फळी हलकी करावी, दोघांनी मिळून ती कडेवर उभी करावी आणि खुर्चीत बसून मागच्या बाजूचे काम करावे.

डब्यांची खोकी जाड पुठ्ठ्याची करता येतात. पुठ्ठा एका जोरकस घावाने कापू नये. पोलादी पट्टीच्या कडेने पाच-सहा हलक्या ओढी घ्याव्यात. पट्टी सरकू नये म्हणून तिच्याखाली रबराची पातळ पट्टी चिकटवावी. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी कापण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि स्वतः आखणी व रंगकाम करावे.

चिमटा कोणाच्या हाती?

आता ज्या प्रसंगासाठी हे सर्व लिहिले तो सांगतो. दिवाळीला की-मॅनकाकांचा मुलगा घरी आला होता. वडिलांवर त्याचा फार जीव. काका सांध्याची पट्टी रुळावर सरकवीत होते. पट्टी तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी असते. पंधरा-वीस मिनिटे झाली, पट्टी दोनदा पडली, तिसऱ्यांदा अर्धी बसली. मुलाला ते पाहवेना. “बाबा, द्या इकडं,” म्हणून त्याने चिमटा घेतला आणि मिनिटभरात चारही सांधे जोडून दिले. काका काही बोलले नाहीत. आतल्या खोलीत जाऊन निजले. पुढचे दोन बुधवार त्यांनी फळीवरचे कापडही काढू दिले नाही.

मुलाचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? काकू मला म्हणाल्या, “काम तर झालं हो. पण यांच्यापाशी काय राहिलं?”

घरोघरी हेच घडते. आपण बटण लावून देतो, घास भरवितो, कुलूप उघडून देतो, कारण आपल्याला घाई असते आणि पाहवत नाही. प्रत्येक वेळी एक काम लवकर होते आणि एक माणूस थोडा निकामी ठरतो. न वापरलेले कौशल्य म्हातारपणी लवकर जाते. परंतु उलट टोकही योग्य नाही. “तुमचे तुम्हीच करा” म्हणून थरथरत्या माणसाला एकटे सोडणे हीसुद्धा शुश्रूषा नव्हे.

मार्ग कारकूनकाकांनी काढला, तोही नकळत. वर सांगितलेली खडीची अडचण त्यांना याच सुमारास आली होती. गाडी खरोखरच घसरत होती आणि त्यांना खरोखरच कारण कळत नव्हते. ते आपली फळी रिक्षात घालून काकांच्या घरी घेऊन आले. काका बाहेर आले ते कोणी समजूत घातली म्हणून नव्हे. गाडी रुळावरून उतरत होती आणि त्या घरात रुळांचे जाणकार तेच एक होते. वृद्धांना “तुमचा अनुभव आम्हाला हवा आहे” असे केवळ बोलून चालत नाही. प्रश्न खरा असावा लागतो. म्हातारी माणसे खोटा प्रश्न लगेच ओळखतात.

त्या दिवसापासून बैठकीची रीत बदलली. तिचे तीन नियम मी वहीत उतरून घेतले आहेत. पहिला, वस्तू दुसऱ्याने धरावयाची, हत्यार ज्याचे त्याच्या हाती राहू द्यावयाचे. काका पट्टी सरकवितात तेव्हा गुरुजी रूळ चिमट्यात पक्का धरून ठेवतात. थरथरणारे दोन हात एकमेकांविरुद्ध काम करीत होते, आता एकच हात हलतो. दुसरा, न विचारता हत्यार घ्यावयाचे नाही. “धरू का?” असे विचारावयाचे आणि उत्तर येईपर्यंत थांबावयाचे. तिसरा, जे काम हाताने होत नाही ते तोंडाने करावयाचे. काका सांगतात आणि दुसरा करतो. मात्र सांगणाऱ्याचे ऐकूनच करावयाचे, मध्ये आपली अक्कल चालवावयाची नाही.

तिसरा नियम आता अधिक लागतो. गेल्या काही महिन्यांत काकांचा आजार पुढे सरकला आहे. सांध्याच्या पट्ट्या त्यांनी सोडून दिल्या आहेत. कंपवातात आवाजही बारीक होतो, अक्षरही बारीक होत जाते. म्हणून काका बोलू लागले की पंखा मंद करतात, सगळे गप्प होतात आणि कारकूनकाका मोठ्या अक्षरांत लिहून घेतात. खडी, फट, वळणावरचा उतार, फाट्याची पट्टी, अशी पाने भरत आहेत. मुलगाही फोनवर आता “झालं का?” असे न विचारता “कसं करायचं?” असे विचारतो. या छंदाने आजार थांबला असे मी म्हणणार नाही. तो थांबलेला नाही. पण बुधवारी चार ते सहा या वेळात त्या खोलीत रुग्ण कोणी नसतो, एक की-मॅन असतो.

आणि काकू? गेल्या तीन वर्षांत त्या एकट्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. आता बुधवारी चार वाजता पिशवी घेऊन बाजारात जातात, सावकाश भाजी निवडतात, ओळखीच्या बायकांशी बोलतात. शुश्रूषा करणाऱ्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, मनात अपराधीपणा न ठेवता मिळणारे दोन तास हे उपचाराचेच अंग आहे. ते कोणाच्या मेहेरबानीवर नसावेत, कॅलेंडरवर लिहिलेले असावेत.

काही सावधगिरीच्या गोष्टी

कंपवाताच्या रुग्णाने बारीक काम औषधाचा अंमल चांगला असेल त्या वेळी करावे. ती वेळ आठवडाभर टिपून ठेवली की कळते. छंदासाठी औषधाची वेळ मात्र स्वतःहून बदलू नये, डॉक्टरांना विचारावे. अर्ध्या तासाने उठून खोलीत चार फेऱ्या माराव्यात.

एक गोष्ट कुटुंबियांना सहसा कोणी सांगत नाही. कंपवाताच्या काही औषधांमुळे क्वचित एखाद्या रुग्णाला एकाच कामाचा अनावर ध्यास लागतो. तो रात्र रात्र वस्तू लावतो, उकलतो, पुन्हा लावतो, जेवण-झोप विसरतो किंवा पैसे बेसुमार खर्च करतो. त्याला हटकले तर चिडतो. हा स्वभावदोष नव्हे आणि छंदाचा उत्साहही नव्हे. भांडू नये, औषध एकाएकी बंदही करू नये. मज्जाविकारतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. औषधात फेरबदल करून बहुधा यावर मार्ग निघतो.

गाडीच्या रुळांत १२ व्होल्टची सौम्य वीज असते, पण भिंतीतील प्लगपर्यंत घरची २३० व्होल्टच असते. ॲडाप्टर बीआयएस नोंदणीचा, तयार घ्यावा आणि तो उघडू नये. ओल्या खडीचे काम चालू असताना प्लग काढलेला असावा. तारा जमिनीवरून नेऊ नयेत, अडखळून पडण्याचे ते कारण होते.

मधुमेहामुळे ज्यांची बोटे बधिर झाली आहेत त्यांनी डागकामाची तापलेली कांडी हाती घेऊ नये. भाजलेले त्यांना कळत नाही. त्यांनी स्क्रूच्या कनेक्टरने तारा जोडाव्यात. डागकाम करणाऱ्याने खिडकी उघडी ठेवावी आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण जुन्या पद्धतीच्या डागात शिसे असते.

झटपट चिकटणारा गोंद कापसाने पुसू नये, कापूस तापतो. बोटे चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेल्यास पाण्याने धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती हा गोंद देऊ नये, साधा पांढरा गोंद द्यावा.

ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी चुंबक छातीपासून निदान सहा इंच दूर ठेवावे, शर्टाच्या खिशात कधीच नाही. बटणासारखे सेल कुलपात ठेवावेत. नातवंडाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

या पंधरवड्यात

आगगाडीच बांधावी असे नाही. आपल्या घरातील वृद्ध व्यक्तीला एखादी तरी रीत येत असते. लोणच्याला मीठ किती आणि कधी, काजाचे टाके कसे घालावेत, विहिरीचा दोर कसा गाठावा, संत्र्याच्या झाडाला पाण्याचा ताण केव्हा द्यावा. या पंधरवड्यात त्यांपैकी एक रीत निवडा. ती तुम्हाला खरोखरच येत नाही अशी असावी. हत्यार त्यांच्या हाती द्या, वस्तू तुम्ही धरा. ज्या पायरीवर त्यांचा हात थांबेल तेथे त्यांना तोंडाने सांगू द्या आणि सांगतील तसेच करा. मग मोठ्या अक्षरांत, पायरीवार लिहून काढा आणि त्यांना वाचून दाखवा. चूक असेल तर ते सांगतीलच.

कारकूनकाकांनी आपले पहिले पान असेच वाचून दाखविले तेव्हा की-मॅनकाका म्हणाले, “पाणी आधी लिहिलं नाही तुम्ही. आधी पाणी, मग गोंद. पुन्हा लिहा.” काकांनी ते पान पुन्हा लिहिले.